एकोणीसचा बोल्ट

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बोल्टाचं माप सांगत नाही, पान्याचा नंबर सांगतं. "दोन तेराचे द्या, एक सतराचा, अन चार एकोणीसचे." आता ज्याला हे लोक तेराचा म्हणतात तो बोल्ट तेराचा नसतोच. तो जाडीला आठ मिलिमीटर. तेरा हा त्याच्या डोक्याला बसणाऱ्या पान्याचा नंबर. तसाच सतराचा म्हणजे दहा मिलिमीटर आणि एकोणीसचा म्हणजे बारा. एखाद्या माणसाला त्याच्या टोपीच्या मापानं हाक मारावी, तसला हा प्रकार. पण सगळा तालुका तशीच हाक मारतो आणि मीही ओ देतो. या एका सवयीपायी मी जितक्या वेळा तोंडघशी पडलोय, तितक्या वेळा मोटारसायकलवरूनही पडलेलो नाही. आणि मोटारसायकल मी कशी चालवतो ते माझ्या बायकोला विचारा.

दुकान मालेगावात. आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. हे मुद्दाम लिहितो, कारण माझी वायसरांची, म्हणजे नटाखाली घालायच्या चकत्यांची, एक पेटी एकदा नाशिकच्या मालेगावला जाऊन, तिकडचा पाहुणचार घेऊन, बऱ्याच दिवसांनी परत आली होती.

दुकान मूळचं मामांचं. शेतीत माझं काही खरं नाही हे वडलांच्या लवकर लक्षात आलं, म्हणून त्यांनी मला मामांच्या गल्ल्यावर बसवलं. पहिल्याच दिवशी मामा जेवायला गेले आणि एक गिऱ्हाईक आलं. "तीन सूत दे, दोन इंची." आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, सूत म्हटलं की मला एकच सूत माहीत. मी मोठ्या अदबीनं म्हटलं, "सूत इथं नाई भेटत, समोर कापडवाल्याकडं जा." आणि तो गेलाही! थोड्या वेळानं कापडवाला त्याचा दंड धरून आमच्या पायरीवर. "लेका, याले बोल्ट पायजे. माह्या दुकानात कायले धाडलं? मी याले गाठोडी दाखवून राह्यलो!"

त्या संध्याकाळी मामांनी शिकवलं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. जुनी यंत्रं इंचाच्या हिशेबानं बांधलेली, म्हणून त्यांचे बोल्ट सुतात. नवी यंत्रं मिलिमीटरवर, म्हणून त्यांचे बोल्ट एमएममध्ये. आमच्या खेड्यांत दोन्ही नांदतात, आणि पुष्कळदा एकाच यंत्रात, कारण प्रत्येक दुरुस्तीवाल्यानं हाताला लागेल ते ठोकलेलं असतं.

गोम अशी, की ही दोन घराणी दिसायला सारखी. तोच रंग, तेच षटकोनी डोकं. चार सुताचा बोल्ट आणि बारा एमएमचा बोल्ट यांच्या जाडीत पाऊण मिलिमीटरचाही फरक नाही, आणि एकोणीसचा पाना दोघांनाही चालून जातो. फरक असतो तो आट्यांत. आटे म्हणजे बोल्टावरच्या गोल फिरत गेलेल्या रेघा. कोणी चुडी म्हणतात. दोन कंगवे एकमेकांत अडकवून पाहा. दाते सारख्या अंतरावर असतील तर गच्च बसतात. एकाचे दाते किंचित विरळ असले, तर पहिले दोन-तीन आत जातात आणि पुढचे दात्यावर दाता चढवून बसतात. सुताचा नट आणि एमएमचा बोल्ट यांचं अगदी हेच होतं. सुरुवातीला असं वाटतं की जमलं. आमच्या धंद्यात 'जमलं' या शब्दाइतका घातक शब्द दुसरा नाही.

एवढं कळल्यावर माणसानं शहाणं व्हायला हवं होतं. पण मला पुढं एक वेगळाच रोग जडला: मी डोळ्यानं माप सांगायला लागलो. गिऱ्हाईकानं बोल्ट वर धरायचा आणि मी गल्ल्यावरूनच म्हणायचं, "दहा एमएम." दहातले नऊ बरोबर यायचे. दहावा परत यायचा आणि त्याच्यासोबत गिऱ्हाईक यायचं.

मोबाईल आल्यावर या रोगाला धुमारे फुटले. कामरगावच्या एका फिटरनं मला बोल्टाचा फोटो पाठवला आणि वर फोन केला. "भाऊ, एवढाच पायजे." मी काय करावं? खणातून व्हर्निअर काढलं. व्हर्निअर म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारी मापपट्टी. ते मी मोबाईलच्या काचेवर लावलं आणि ठणकावून सांगितलं, "बावीस एमएम आहे हा." पलीकडून तो म्हणाला, "भाऊ, माही अख्खी मोटारसायकल बावीस एमएमच्या बोल्टावर उभी राहीन. तुमी फोटो बोटानं मोठा तं नाई केला?" केला होता. चष्मा घरी राहिला होता.

त्यानंतर मी पेंटर बोलावून दुकानावर पाटी रंगवून घेतली: 'नमुन्याशिवाय बोल्ट मिळणार नाही.' पाटी गिऱ्हाइकांसाठी होती. दुकानदारानं नमुन्याकडे पाहावं, असं काही तिच्यावर लिहिलेलं नव्हतं.

आणि मग कमलबाई आल्या.

कमलबाई किन्हीराजाच्या. वर्षानुवर्षं लोकांच्या शेतात हळद काढायला, उकडायला, वाळवायला जाणाऱ्या. वाळलेलं हळकुंड काळपट आणि खरबरीत दिसतं. ते जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये टाकून फिरवलं की हळकुंडं एकमेकांवर घासून साल निघते आणि आतला पिवळाधमक रंग वर येतो. याला पॉलिश म्हणतात, आणि पॉलिश केल्याशिवाय बाजारात हळदीकडं कोणी वळून पाहत नाही. किन्हीराजाचे लोक त्यासाठी ट्रॉल्या भरून पार रिसोडकडे जायचे. कमलबाईंनी वसमतच्या बाजूनं एक जुना ड्रम आणला आणि गावाच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये उभा केला. नवरा जऊळक्याला स्टेशनजवळ चहा विकतो. तो म्हणाला, "तुले मशीन जमन का?" बाई म्हणाल्या, "तुले चहा जमते, तं मले मशीन काहून नाई जमन?" नवऱ्याचं तोंड बंद झालं, गावाचं झालं नाही. 'बाईची मशीन' म्हणून लोक हसत, आणि हसता हसता चार-पाच जणांनी, रिसोडचा फेरा वाचतो म्हणून, नंबरही लावून ठेवले.

तर बाई माझ्या दुकानात आल्या. "भाऊ, एकोणीसचे चार बोल्ट द्या. ड्रमच्या बेरिंगचे हायत, चांगले द्या."

मी पाटीकडं बोट दाखवलं. त्यांनी पिशवीतून एक गंजलेला बोल्ट काढून गल्ल्यावर ठेवला. मी तो हातातसुद्धा घेतला नाही. "बारा एमएम."

"पण भाऊ, हा जुना जरासा जाडा दिसून राह्यला."

"गंजलाय तो. गंजानं लोखंड फुगते."

बाईंनी बोल्टाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "इतलं फुगते?"

"हो तं. पावसाळ्यात लय फुगते."

व्हर्निअर माझ्या कोपराखाली होतं. नुसतं कोपर उचलायचं होतं. पण डोळ्यानं एकदा माप दिल्यावर यंत्रानं तपासणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं, असं मला त्या काळी वाटायचं. मी चार उत्तम, कडक पोलादाचे बारा एमएम बोल्ट कागदात बांधून दिले.

दुपारी बाईंचा फोन. "भाऊ, नट खाली स्टँडलेच वेल्डिंग केलेला हाय. बोल्ट दोन-तीन आटे हातानंच गेला, मंग कचकून राह्यला."

कुठल्याही शहाण्या माणसाला हा फोन म्हणजे धोक्याचा भोंगा वाटला असता. कचकला म्हणजे दात्यावर दाता चढला. म्हणजे खालचा नट सुताचा आहे आणि मी बोल्ट एमएमचा दिलाय. मी म्हटलं, "नवा हाय ना, कचकनच. कचकला म्हणजे पक्का बसते. पाना लावा अन वढा."

बाईंनी पाना लावला अन ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रमचा मुहूर्त. पहिला नंबर नामदेवरावांचा. गावातले वयस्कर, तापट शेतकरी. सगळे त्यांना आबाजी म्हणतात. त्यांची हळद नीट निघाली तर मागच्या ट्रॉल्या थांबणार, नाही तर रिसोडच्या रस्त्याला लागणार, आणि एकदा लागलेली ट्रॉली पुन्हा कमलबाईंच्या दारी वळणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाच काय ते नव्हतं. मी दुकानात पोहे खात होतो, तेवढ्यात बाईंचा फोन.

"भाऊ, निंगाले."

"कोण निंगालं?"

"बोल्ट. अन त्याच्या मांगं ड्रम."

"ड्रम कुठं हाय आता?"

"नाल्यात."

झालं असं. मोटार लागली, ड्रम फिरायला लागला, हळकुंडं खळखळायला लागली, लोक माना डोलवायला लागले. मग थरथरीनं एका बाजूचे दोन्ही बोल्ट आटे सोलत वर आले. बेरिंग उचकटलं, पट्टा उडाला, दुसरी बाजू ओढली गेली आणि पोटात आबाजींची हळद घेऊन ड्रम फिरत फिरतच शेडच्या बाहेर पडला. पुढं उतार. ड्रमचं दार उघडलं आणि तो गल्लीभर हळकुंडं पेरत निघाला. माणसं ओट्यांवर चढली. एक म्हैस वाटेत होती, ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली, आधीच बाजूला झाली. कोणाला खरचटलंही नाही. पण गल्ली पिवळी, कोंबड्या पिवळ्या, आणि ड्रमच्या मागं धावणारे आबाजी धोतरासकट पिवळे.

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: चार सूत! मी चार सुताच्या बोल्टांचं अख्खं पोतं मोटारसायकलला बांधलं आणि सुटलो. पुन्हा माप चुकायला नको म्हणून आखूड, लांब, सगळे घेतले.

किन्हीराजात शिरलो तर आबाजी ट्रॉलीच्या दांडीवर बसलेले. "आले का गंजानं फुगवणारे?" बाई काही बोलल्या नव्हत्या, पण गावात असल्या गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. मला म्हणाले, "तुमचा डोळा फुगला हाय मास्तर, लोखंड नाई."

गावकऱ्यांनी ट्रॅक्टरला दोर लावून ड्रम वर आणला होता. जाळीला पोचे आलेले, पण मधली दांडी सरळ. म्हटलं, देव पावला. स्टँडखाली वाकून पाहिलं आणि देव गेला. माझ्या कडक बोल्टांनी वेल्डिंग केलेल्या नटांतले आटे पार खरवडून टाकले होते. आता त्यांत चार सूतही बसेना आणि बारा एमएमही.

"काई हरकत नाई," मी म्हटलं. "हे नट छिन्नीनं उडवू अन खालून नवे नट लावू."

"लावा मंग," बाई म्हणाल्या.

मी पोत्यात हात घातला. पोत्यात बोल्ट होते. अजून खोल घातला. बोल्टच होते.

"भाऊ," बाई हळूच म्हणाल्या, "बोल्ट पोतंभर अन नट एकबी नाई?"

ट्रॉल्यांवरची माणसं हसली, आणि एकानं ट्रॅक्टर सुरू केला. त्याचं तोंड रिसोडकडं वळायला लागलं तशा बाई सरळ त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "जेवणं होईस्तोर थांबा. तवरोक ड्रम फिरला नाई, तं मी सोता तुमच्या ट्रॉल्या रस्त्याले लावून देतो." आवाज चढलेला नव्हता, पण पदराचं टोक मुठीत गच्च होतं. ट्रॅक्टर बंद झाला. हसणंही.

मालेगावला जाऊन यायचं तर जेवणं होऊन वामकुक्षीही झाली असती. मी गावात नट शोधायला लागलो. सायकलवाल्याकडं बारके. पिठाच्या गिरणीत होते ते चालत्या गिरणीला लावलेले. मग आबाजींच्या वाड्यापुढच्या लिंबाखाली मला त्यांचा जुना ट्रॅक्टर दिसला. बंद पडलेला, चाकं मातीत रुतलेली, जुन्या इंचाच्या जमान्यातला. मडगार्डाच्या नटाला एकोणीसचा पाना लावून पाहिला, बसला. चार सूत!

"आबाजी, तुमच्या ट्रॅक्टरचे चार नट द्या."

आबाजी उभेच राहिले. "माही हळद गल्लीभर सारवली, अन आता माह्याच ट्रॅक्टरचे नट पायजे तुमाले? तो ट्रॅक्टर मले चालू कराचा हाय."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"करीन कधीतरी."

"मंग तवरोक ही उरलेली हळद काय अशीच काळी ठेवता, आबाजी? रिसोडले गेले तं आज सगळ्याइच्या मांगं नंबर लागन तुमचा."

आबाजींनी ट्रॉलीकडं पाहिलं. अर्धी हळद अजून तिच्यातच होती. शेवटी त्यांनी लिंबाकडं हात उडवला. याचा अर्थ 'घ्या' असाही होतो आणि 'मरा' असाही. मी पहिला धरला.

एक नट काढून मी धावतच शेडमध्ये आलो, पोत्यातला बोल्ट उचलला आणि नट फिरवला. अर्धा फेरा, आणि कचकला.

इथं वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती मला चांगली माहीत होती, हेच दुःख आहे. सुतातसुद्धा दोन पोटजाती आहेत: जाड आट्यांचे आणि बारीक आट्यांचे. बाजारात मिळतात ते बहुतेक जाड आट्यांचे. जुन्या ट्रॅक्टरचे पुष्कळसे बारीक. जाडी तीच, डोकं तेच, पाना तोच, पण कंगवा वेगळा. माझं अख्खं पोतं जाड आट्यांचं होतं.

आणि तरीही, खोटं कशाला सांगू, माझं तोंड उघडलं होतं. 'पाना लावा अन वढा' हे शब्द जिभेवर येऊन बसले होते. कमलबाई माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. मी तोंड मिटलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ज्याचा त्याले राहू द्या ना. त्याचा नट त्याच्याच बोल्टासकट काढा."

त्या नटाचा जोडीदार ट्रॅक्टरच्या मडगार्डातच बसलेला होता, आणि मी त्याच्यासाठी मालेगावहून पोतंभर परकी स्थळं घेऊन आलो होतो.

"म्हणजे आता बोल्टबी?" आबाजी ओरडले. "मंग मडगार्डच काढा म्हना!"

मडगार्डच काढली. बोल्ट काढल्यावर ती वेगळी काढावी लागली नाहीत, आपोआप खाली आली. छिन्नीनं जुने नट उडवताना मी स्वतःचा अंगठाही बराचसा उडवला. मग ड्रम चढवला, बेरिंगं बसवली, प्रत्येक बोल्टाला त्याचा त्याचा नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहिला आणि मगच पाना लावला. या धंद्यातलं सगळं ज्ञान एवढंच आहे: बोटांनी शेवटपर्यंत गेला तर तो त्याचा. वामकुक्षीपर्यंत न थांबता, जेवणं उरकायच्या आत बाईंनी मोटारीचं बटन दाबलं.

गाव लांब उभं होतं. ओट्यांवर. म्हैस बांधून ठेवली होती.

ड्रम फिरला. गल्लीतून वेचून आत टाकलेली हळकुंडं आधी धडधडली, मग साल सुटत गेली तसा आवाज मऊ होत गेला. मी बोल्टांकडं पाहत होतो, बाई माणसांकडं. त्यांनी बटन बंद केलं, दार उघडलं, आणि पिवळंजर्द हळकुंड आबाजींच्या हातावर ठेवलं. आबाजींनी ते नखानं खरवडलं, उपरण्याला घासलं, उन्हात धरलं. मग आबाजी ट्रॉलीच्या ट्रॅक्टरवर चढले, ट्रॉली मागं घेत घेत शेडच्या तोंडाशी आणली, आणि उरलेली हळद उतरवायला लावली. मागच्या ट्रॉल्या एकेक घर पुढं सरकल्या.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. मला वाटलं, ड्रम पुन्हा नाल्यात. पण त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं बोल्टाचं पोतं शेडातच हाय. लोक ठेचकाळून राह्यले. घेऊन जा."

गेलो. शेडपुढं ट्रॉल्यांची रांग. ड्रमजवळ खुर्ची टाकून आबाजी बसलेले, मांडीवर एकोणीसचा पाना. बाई म्हणाल्या, रोज सकाळी येतात, ड्रम सुरू व्हायच्या आधी चारही बोल्ट स्वतः तपासतात, आणि संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. "माहे बोल्ट हायत, माह्या डोळ्यापुढं पायजेत" म्हणतात. चहा त्यांच्यासाठी वेगळा, बिनसाखरेचा.

मी पोतं उचलत होतो तेवढ्यात जऊळक्याकडून एक नवा माणूस ट्रॉली घेऊन आला. शेडकडं, ड्रमकडं, कमलबाईंकडं पाहून त्यानं आबाजींना विचारलं, "काहो, मशीन बाईची हाय म्हनतात. भरवशाची हाय का?"

"टाक बिनधास्त," आबाजी म्हणाले. "बोल्ट माहे हायत." मग माझ्याकडं एक नजर टाकून त्यांनी आवाज आणखी मोठा केला. "अन त्या मालेगावच्या दुकानातलं यात एक वायसरबी नाई."

त्या माणसाला ते पुरेसं वाटलं नाही. जवळ उभा असलेला तिऱ्हाईत म्हणून त्यानं माझ्याकडं पाहिलं. "खरं काय, भाऊ?"

मी पोतं खांद्यावर घेतलं. "खरं हाय," म्हटलं. "मी सोता तपासलं."

त्यानं ट्रॉलीचं फळकं पाडलं.